तिनं कुणासाठी धरलं

माझ्या भाच्यानं शहबाला 'कुत्री' म्हटलं तेव्हा माझ्या हातात गरम चहाची किटली होती, म्हणून तो वाचला. हात रिकामे असते तर नव्या बायकोसमोर कानाखाली खाल्ली असती त्यानं. दाढीमिशीचा बाप्या झाला म्हणून काय झालं? त्याचं नाक मी पुसलंय.

"परत म्हण," मी म्हटलं.

"म्हणतो की. कुत्री आहे, आत्या. जी शिकार खाते ती सलूकी नसते, कुत्री असते. तूच शिकवलंस मला हे."

शिकवलं होतं, नाही कुठे म्हणते मी? आमच्यात सलूकीला, या सडपातळ शिकारी जातीला, कुत्रं म्हणत नाहीत. कुत्रं म्हणजे मेंढरांमागे भुंकणारं, उकिरडा हुंगणारं, मेलेला उंट दिसला की तिथेच मुक्काम ठोकणारं. त्याचं तोंड भांड्याला लागलं तर भांडं सात वेळा धुवायचं, त्यातही एकदा मातीनं. सलूकी तंबूत गालिच्यावर झोपते. थंडीत तिच्या अंगावर आपली जुनी शाल घालतात. तिला खाणं फेकत नाहीत, भांड्यात वाढतात. आणि ती ससा धरते तो आपल्यासाठी. अल्लाचं नाव घेऊन तिला सोडायचं, तिनं धावायचं, धरायचं आणि आपण पोचेपर्यंत धरूनच ठेवायचं. तिनं एक लचका जरी खाल्ला तरी ती शिकार तिनं स्वतःसाठी धरली असं ठरतं, आणि ते मांस माणसाला वर्ज्य. आमच्या हर्ऱ्यात, या काळ्या दगडांच्या मुलखात, शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

शहबानं दोनदा खाल्लं होतं. एकदा माझा हा भाचा, सत्ताम, एकटा होता, एकदा त्याच्याबरोबर पाहुणे होते. पाहुण्यांसमोर अर्धवट खाल्लेला ससा दगडांत टाकून रिकाम्या हातानं परत यायचं, म्हणजे पुरुषाचं नाकच कापलं जातं. त्याचा राग मला कळत होता. पण राग कळतो म्हणून काहीही ऐकून घ्यायचं की काय?

"उद्या हिला हमरस्त्याच्या पलीकडे सोडून येतो," सत्ताम म्हणाला. "हिची पिल्लं मेंढपाळांना देऊन टाकतो. खाणारीची पिल्लं दुसरं कोण घेणार?"

 हिवाळ्याचे दिवस, रात्री पाण्यावर बर्फाची पापडी धरते. सलूकीच्या अंगावर ना केस, ना चरबी. हमरस्त्यापलीकडे सोडणं म्हणजे मारणंच, फक्त हाताला रक्त लागत नाही एवढंच. आणि पिल्लं? शहबाची आई माझ्या दारात वाढली, तिची आई माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी पाळलेली. ते रक्त आता मेंढरांच्या कुत्र्यांत उष्टं चाटत फिरणार होतं.

तुम्ही म्हणाल, मग बाई, आपली सलूकी आपण परत घेऊन यायची. तसं होत नाही आमच्यात. सलूकी विकत नाहीत, देतात. आणि दिलेली परत मागत नाहीत. मागितली तर घेणाऱ्याची बेअब्रू आणि देणाऱ्याची त्याहून जास्त. माझे गुडघे गेले, रानात जाववेना, म्हणून शहबा मी याला दिली. चांगली अक्कल पाजळली मी तेव्हा.

"तू नुसतं म्हणून चालत नाही," मी म्हटलं. "साक्षीला जाणता माणूस पाहिजे. मिजवेलला बोलव. त्याच्यासमोर सोडू. त्याच्यासमोर खाल्लं तर मी तोंड उघडणार नाही."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर तू तोंड उघडायचं नाहीस. जन्मभर."

सत्तामची बायको नौफ कोपऱ्यात कप विसळत होती. झर्काची, शहरातली पोर, आमच्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती, पण नवऱ्याचं तोंड बघून परत कपांकडे वळली.

मिजवेल म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात जुना शिकारी. शिकारीच्या तंट्यात तो म्हणेल ते शेवटचं. सकाळी तो आला तो वेलदोडा चघळत, घाईगर्दी नाही. शहबाच्या बरगड्यांवरून त्यानं हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"हायिलची आई," तो मला म्हणाला. मला कुणी नावानं हाक मारत नाही, मुलाच्या नावानं मारतात. "ही इतकी का वाळली?"

झालं. हेच तर आमचं जुनं भांडण. सत्ताम कोंबड्यांच्या कारखान्यात गाडी चालवतो. तिथून गोणी भरून माना आणि डोकी आणतो आणि शहबाला कच्चीच घालतो. फोनवर कुणीतरी सांगितलं म्हणे, कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला मांसच पाहिजे. आणि मी तिला लहानाची मोठी केली ती कुस्करलेल्या खजुरावर, शेळीच्या दुधात भिजवलेल्या भाकरीवर. सणावाराला हाडांचं सूप, कधी सशाचं डोकं, उकडून. अजूनही रोज सकाळी मी माझ्या घरून तिला खजूर पाठवते.

"कच्चं रक्त चाटवलंस म्हणून चटक लागली तिला," मी सत्तामला म्हटलं. "रोज कच्चं घालायचं आणि रानात म्हणायचं, याला तोंड लावू नकोस. तिला काय कळणार?"

"तू आयुष्यभर मांसाविना ठेवलीस, म्हणून हपापली," तो म्हणाला. "खजुरावर शिकारी जनावर जगतं का? काका, हे बघा." त्यानं शहबाचं तोंड उघडलं. बिचारीनं उघडू दिलं. "हे सुळे बघा. हे काय खजूर खायला दिलेत अल्लानं?"

"आणि मागच्या दाढा?" मी म्हटलं. "बोट घालून बघ. सपाट आहेत. त्या काय शोभेला दिल्यात?"

मिजवेलनं खरंच बोट घालून पाहिलं. मग आपल्या अंगरख्याला बोट पुसलं.

"सुळे माझ्याही तोंडात आहेत," तो म्हणाला. "काल मी मसुराची आमटी खाल्ली."

"मग काका, ही आहे तरी काय? मांस खाणारी की धान्य खाणारी?"

"मेंढीला गवत नाही मिळालं तर ती मरते. मांजराला मांस नाही मिळालं तर ते मरतं. ही दोन्हीतली नाही. मांस आवडीनं खाते, ते तिचं मूळ. पण हजार पिढ्या माणसाच्या चुलीशी बसलीय. चुलीवर जे असेल त्यावर निभावते, म्हणून तर ती आपल्याबरोबर या दगडांत टिकली. तेव्हा काय खाते हा तंटाच नाही, बाळा. तंटा हा आहे की कुणाचं खाते. चल, गाडी काढ."

मला हे बोलणं अर्धं आवडलं. 'चुलीशी बसलीय' ते बरोबर. पण त्यानं सलूकीला आणि बाकीच्या कुत्र्यांना एकाच पंगतीत बसवलं, ते काही मला रुचलं नाही. तरी न्यायाधीशाशी वाद घालायला मी काय खुळी आहे?

मी येणार म्हटल्यावर सत्तामनं कपाळाला हात लावला. मी तोवर गाडीत पुढे बसले होते. मिजवेल मागे उघड्यावर शहबाला धरून बसला. निघताना नौफ दारात आली, "आत्या, एक सांगू का?" म्हणाली. "आल्यावर सांग," मी म्हटलं. माझं चित्त कुठे होतं तेव्हा?

घरापासून फार लांब गेलो नाही. काळे दगड संपतात आणि वाळलेल्या चिखलाचं सपाट मैदान लागतं, तिथे गाडी धावू शकते. ससा निघाला तो गाडीच्या अगदी समोरून, झुडपातून. मागून मिजवेलचा आवाज आला, "बिस्मिल्लाह," आणि शहबा सुटली.

तिला धावताना मी खूप दिवसांनी पाहत होते. गुडघ्यांचं दुखणं विसरले मी. ससा डावीकडे वळला, ती वळली. तो मागे फिरला, ती त्याच्या आधी फिरली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे पुन्हा दगड सुरू होतात तिथे तिनं त्याला धरलं. सत्तामनं गाडी थांबवली, दगडांत ती पुढे जाईना. तो आणि मिजवेल उतरून धावले. मी दाराला धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, पोरी, नुसती उभी राहा. मी दुसरं काही मागत नाही.

ती खात होती. लांबूनही दिसत होतं. मान खाली, घाईघाईनं, न चावता गिळत होती. सत्ताम ओरडला तेव्हा तिनं डोकं वर केलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पळाली. आमच्याकडे नव्हे. घराच्या दिशेनं, दगडांतून.

मला तिची लाज वाटली. खोटं कशाला बोलू, तिचा रागही आला. ज्या तोंडाला मी माझ्या हातानं खजूर भरवला ते तोंड माझ्याच डोळ्यांसमोर मला मान खाली घालायला लावत होतं. सत्ताम माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं, म्हणजे मला निदान भांडता तरी आलं असतं.

मिजवेल उरलेला ससा उचलून बघत होता.

"पोट आणि मागचं मऊ मांस नेलं," तो म्हणाला. "हाडं सोडली."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बघतोय." त्यानं ससा दगडाआड टाकला. तो आता कोल्ह्यांचा. "तंटा सुटला, हायिलची आई. तिनं खाल्लं. मला दुसरं काय म्हणता येईल?"

"म्हणू नकोस काही," मी म्हटलं.

परतताना गाडीत मी मनातल्या मनात पिल्लांची वाटणी करत होते. एखादं तरी माझ्या घरी गुपचूप ठेवून घ्यावं, मोठं झाल्यावर कोण विचारतंय कुणाचं ते. इतक्या खालच्या पायरीला आले होते मी.

गाडीला दगडांना वळसा घालून यावं लागतं, त्यामुळे शहबा आमच्या जरा आधीच घरी पोचली होती. आम्ही फाटकाशी आलो तेव्हा ती मेंढ्यांच्या जुन्या वाड्याची भिंत ओलांडून आत उडी मारताना दिसली. पिल्लं तिथे होती. शहबाला सत्ताम पुढच्या बाजूला, पुरुषांच्या बैठकीपाशी बांधायचा, तिथेच खायला घालायचा आणि मग मोकळी सोडायचा. पिल्लं मागे, बायकांच्या बाजूला. त्यांच्यासाठी नौफ डब्यातल्या पावडरीचं दूध करायची.

"आता यांना शिकवते वाटतं खायला," सत्ताम म्हणाला. आम्ही तिघं भिंतीशी गेलो.

पिल्लं तिच्या तोंडाशी झोंबत होती. तिच्या ओठांचे कोपरे चाटत होती, नाकानं ढोसत होती, एक तर मागच्या पायांवर उभं राहून तिच्या जबड्यात तोंड घालत होतं. शहबानं मान खाली घातली, तिचं पोट आत ओढलं गेलं, एकदा, दोनदा, आणि सगळं बाहेर आलं. सशाचं मांस, ऊन ऊन, मऊ झालेलं. पिल्लं त्यावर तुटून पडली. ती बाजूला सरकली. एका घासालाही तिनं तोंड लावलं नाही.

नौफ हातात खराटा आणि मातीची पाटी घेऊन आली. आम्हाला रांगेत उभं बघून ती घाबरली.

"मी झाडते लगेच," ती म्हणाली. "आत्या, हेच सांगणार होते. ही आजारी आहे. रोज ओकते. तुम्ही सकाळी पाठवता तो खजूरही, यांच्या त्या मानाही. इथे येते आणि सगळं टाकते. पिल्लं खातात, राहिलेल्यावर मी माती टाकते."

"रोज?" सत्ताम म्हणाला. "मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तुमची आणि आत्यांची आधीच तिच्या खाण्यावरून जुंपलेली. मी म्हटलं असतं ओकते, तर तुम्ही म्हणाला असता खजुरानं, आत्या म्हणाल्या असत्या मानांनी. मी मध्ये कशाला सापडू?"

यावर मिजवेल हसला. पोट धरून नव्हे, पण हसला.

मला हसू आलं नाही. हे मी पाहिलं होतं हो. मेंढरांच्या कुत्र्या करतात असं. लांडगीसुद्धा करते, पिल्लांचे दात फुटले की ती रानातून पोटात मांस घेऊन येते आणि त्यांच्यासमोर टाकते. लहानपणापासून मला ठाऊक होतं हे. पण ते लांडगीचं, ते कुत्र्यांचं. सलूकी असं काही करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या घरी पिल्लांच्या आईला कधी रानात नेलंच नाही, आणि दुधाचं भांडं कधी रितं होऊ दिलं नाही, तर तिच्यावर ती वेळ येणार कशाला? सलूकी कुत्रं नाही, सलूकी कुत्रं नाही, असं जन्मभर म्हणत राहिले, आणि समोर आई उभी आहे ते दिसलं नाही मला.

"मिजवेल," मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नियम काय आहे, परत सांग."

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. याला ऐकू दे."

मिजवेल भिंतीला टेकला. "तिनं खाल्लं तर तिनं ते स्वतःसाठी धरलं."

"मग तिनं कुणासाठी धरलं?"

त्यानं वाड्यात वाकून पाहिलं. पिल्लांची पोटं आता टम्म झाली होती. शहबा कोपऱ्यात उभी राहून धापा टाकत होती आणि तिची एकेक बरगडी दिसत होती.

"ससा आपल्याला वर्ज्यच," मिजवेल म्हणाला. "तो मी टाकून आलो, त्यात बदल नाही. पण हिच्यावर डाग नाही. हिनं गिळलं, खाल्लं नाही. पिल्लं दुधावरून सुटू देत, मग ने तिला रानात. धरून ठेवते की नाही बघ. डाग लावायचाच असेल सत्ताम, तर अंगावर पिणारी पिल्लं असताना आईला शिकारीला नेणाऱ्याला लाव. आणि यातलं एक पिल्लू माझं. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर रांग लागेल."

मला वाटलं होतं की आता मी सत्तामला चांगलं धारेवर धरीन. सगळी वाक्यं तयार होती, जाताना गाडीत जुळवली होती. पण तो भिंत ओलांडून आत गेला आणि शहबाजवळ उकिडवा बसला. तिच्या बरगड्यांवर त्यानं हात ठेवला तो काढलाच नाही.

"गोणीच्या गोणी घालतोय मी हिला," तो म्हणाला. "म्हणायचो, मांस खाऊनही अंगी लागत नाही, आत्यानं खजुरानं आतडी बिघडवली."

"आणि मी म्हणायचे, तुझ्या मानांनी," मी म्हटलं.

"हिच्या पोटात काही राहतच नव्हतं."

"नव्हतं."

एवढंच बोललो आम्ही. तयार केलेली वाक्यं वाया गेली, जाऊ देत. वर मान करून तो माझ्याकडे पाहू शकला असता तर कदाचित बोललेही असते.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. आत नौफला काही विचारत होता, भांडी वाजत होती. मग कोंबडी उकडल्याचा वास आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मोठं ताट होतं. भाकरी कुस्करलेली, वर दूध, खजूर, आणि सोललेल्या कोंबडीचं उकडलेलं मांस, हाडं काढून. आम्हा दोघांचंही म्हणणं त्यानं एका ताटात कालवलं होतं. मी म्हटलं, बरं झालं, निदान भांडण तरी कुणाच्या तरी पोटात जाईल.

त्यानं शहबाला वाड्यातून काढून बैठकीच्या खोलीत नेलं, गालिच्यावर, आणि दार लोटून घेतलं. मी आत होते म्हणून मला दिसलं. बाहेर पिल्लं कुईकुई करत होती. पोटं भरलेली होती तरी करत होती, पोरांचं ते असंच असतं. शहबा खायला लागली. आधी घाईनं, न चावता, सवयीनं. अर्धं ताट संपलं तशी ती थांबली, कान दाराकडे वळले, आणि पोट घेऊन निघाली बाहेर.

सत्तामनं तिच्या गळ्याभोवती हात टाकला आणि तिला हळूच मागे फिरवलं.

"त्यांचं झालं," तो तिला म्हणाला. "हे तुझं आहे."

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग परत ताटात तोंड घातलं, आणि या वेळी चावून खाऊ लागली.